आधी फुस्स… मग हुश्श!

पन्नाशीला टेकलेली मोटारहोम, तिचा मान टाकलेला कंप्रेसर, डेट्रॉइटजवळ राहणारा इंजिनीअर मुलगा आणि एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले त्याचे बाबा. सुट्टीत पाहिलेला हा एक लाइव्ह सामना!

सकाळी साडेसहाला दादाने खिडकीचा पडदा सारला आणि त्याच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला, 'बसली!'

बसली म्हणजे अक्षरशः बसली. घरासमोर उभी असलेली २६ फुटी मोटारहोम मागच्या डाव्या कोपऱ्यात अशी खाली गेली होती, की म्हैस डबक्यात बसायच्या तयारीत असावी! आदल्या रात्री हीच बया अगदी ताठ उभी होती. पाच दिवसांनी तिच्यात बसून आम्हा पाचजणांना मिशिगनच्या उत्तर टोकाला जायचं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांत काका-काकूंचं पुण्याचं विमान. काकांचे गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे पुन्हा अमेरिकेची वारी होईल की नाही, हे कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. थोडक्यात काय, तर ट्रिप पुढे ढकलण्याचा ऑप्शनच नव्हता.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. दिवसभर कंप्युटरवर गाड्यांचे भाग डिझाइन करतो आणि वीकेंडला जुन्या गाडीखाली झोपतो. वहिनी म्हणते, 'लोकांच्या घरात सवत येते, माझ्या घरात सवतीला सहा चाकं आहेत.'

सहा चाकांची सुंदरी

आता ही सवत आहे कोण? जनरल मोटर्सच्या जीएमसी विभागाने १९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत मिशिगनमधल्या पाँटियाक गावी बनवलेली ही मोटारहोम. दादाची गाडी १९७६ची. त्या काळात बाकीच्या कंपन्या ट्रकची चासी आणायच्या आणि तिच्यावर खोका चढवायच्या. जीएमसीने मात्र अख्खी गाडी मुळापासून स्वतः डिझाइन केली. अॅल्युमिनियम आणि फायबरग्लासची गुळगुळीत बॉडी, समोर भलीमोठी काच, आत पलंग, ओटा, बाथरूम. १९८१च्या 'स्ट्राइप्स' या बिल मरेच्या सिनेमात हीच गाडी लष्करी वाहनाचं सोंग घेऊन आली होती. एकूण गाड्या बनल्या जेमतेम १३ हजार, पण त्यातल्या बऱ्याचशा शौकीन मंडळींनी आजही चालत्या ठेवल्यात.

तिची खरी गंमत खाली आहे. ऑल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून इथे पुढे बसवलंय आणि ताकद जाते ती पुढच्याच चाकांना. इंजिन ७.५ लिटरचं. मायलेज विचारू नका, दादाच्या हातात ते लिटरला चार किलोमीटरच्या वर जात नाही! पण मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा नाही, मागे आडवा अॅक्सल नाही, त्यामुळे गाडीची जमीन मस्त खाली. काका गुडघ्याची तक्रार न करता चढू शकतात, ते यामुळेच.

मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं. एक चाक पुढे रोखलेल्या हातावर, दुसरं मागे रोखलेल्या हातावर. आणि या दोन हातांच्या मध्ये आडवी ठेवलेली हवेची रबरी पिशवी, म्हणजे एअरबॅग. (अपघातात तोंडावर फुटते ती नव्हे!) भरल्या गाडीत या पिशवीत साधारण १०० पीएसआयच्या आसपास दाब असतो. म्हणजे आपल्या कारच्या टायरच्या तिप्पट. मागचा सगळा संसार या दोन पिशव्यांवर तरंगत असतो. व्होल्वोने पुण्याला जाताना खड्डा आला तरी हातातली कॉफी सांडत नाही ना? तोच फंडा.

पिशवीत हवा भरतो १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर. तो हवा टाकीत साठवतो. गाडी खाली गेली, की उंची मोजणारा व्हॉल्व्ह टाकीतून पिशवीत हवा सोडतो, वर गेली की जादा हवा बाहेर फुस्स. कॅम्पच्या जागी जमीन तिरपी असली, तर ड्रायव्हरच्या बटणांनी एकेक बाजू खाली-वर करून पलंग सपाट करता येतो. एकदम सही! पण कंप्रेसर चालू असेल तोवर.

'मेला नाही, मारला'

दादाने पुढचं झाकण उघडलं. कंप्रेसर गप्प. फ्यूज उडालेला. नवा फ्यूज घातला तर मोटर दोनदा कण्हली आणि तोही उडाला. दादाने तिथल्या तिथे मोबाइल काढला. दोन-अडीचशे डॉलर्सचा नवा कंप्रेसर, दोन दिवसांत घरपोच. ऑर्डर गेली, मामला खतम. आमच्या पिढीचा रिपेअरिंगचा फंडा हा असा असतो, नाही का?

काका चहाचा कप घेऊन शेजारी उभे होते. महिनाभर ते सोफ्यावर बसून बातम्या बघत होते. सकाळी चालायला जायचे आणि परत येऊन 'इथे रस्त्यात एक माणूस दिसत नाही' म्हणायचे. त्यांनी कलंडलेल्या गाडीकडे बघून विचारलं, 'हा पंप रोज किती वेळ चालायचा रे?'

'गेल्या महिन्यापासून सारखाच चालतोय बाबा. दर पाच-दहा मिनिटांनी.'

'आणि रात्री गाडी उभी असताना हवा कुठे जाते?'

दादा गप्प.

'हवा भरणं हे कंप्रेसरचं काम. धरून ठेवणं हे बाकीच्यांचं. रात्रीत गाडी बसते म्हणजे चोर दुसरीकडे आहे. तुझा कंप्रेसर मेला नाही, मारलाय त्याला. नवा आणशील, त्यालाही मारशील.'

काका तीसेक वर्षं एसटीच्या बसखाली वावरलेत. मोठ्या बसचा ब्रेक हवेवर चालतो. तिथेही कंप्रेसर, टाक्या, नळ्या, व्हॉल्व्ह हीच मंडळी. गाडी वेगळी, देश वेगळा, पण हवा तीच!

पाय ओढला म्हणून…

मग दादा तडक गाडीखाली शिरला. हातात पाना, मागच्या डाव्या बाजूची नळी सोडवायची. उजव्या बाजूची हवा अजून भरलेली, डावीकडेही थोडी शिल्लक. गाडीला आधार काहीच नाही. तो पाना लावतोय एवढ्यात काकांनी कप खाली ठेवला, वाकले आणि दादाचा घोटा धरून त्याला खसकन बाहेर ओढलं. त्या गुडघ्यांनी हे कसं जमवलं, देव जाणे.

'अहो बाबा…'

'हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली जातोस? नळी सुटली असती तर ती तुझ्या छातीवर उतरली असती. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात.'

सगळे एकदम शांत. वहिनी दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. पाचेक टनांची गाडी आणि जमीन यांच्यात तेव्हा फक्त उरलीसुरली हवा होती.

मग काकांच्या पद्धतीने काम सुरू झालं. आधी पुढच्या चाकांना दगड. मग गाडी जॅकने उचलून चासीखाली लोखंडी स्टँड, त्यांच्या शेजारी जाड लाकडी ठोकळे. त्यानंतर दोन्हीकडची हवा सावकाश सोडून दाब शून्यावर. आणि मगच माणूस खाली. अख्खा एक तास गेला. दादा एकदाही 'चला लवकर' म्हणाला नाही.

भांडी घासायचा साबण

चोर कसा पकडायचा? हत्यार काकूंच्या बेसिनजवळ होतं. भांड्यांचा लिक्विड सोप, पाणी आणि जुना पेंटिंग ब्रश. आधीच्या मालकाने शहाणपणा करून हवेच्या नळीला टायरसारखा व्हॉल्व्ह बसवला होता, त्यातून शेजाऱ्याच्या गॅरेजमधल्या पंपाने हवा भरली. (स्टँड आणि ठोकळे जागच्या जागी!) मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी.

पहिला चोर डाव्या बाजूच्या उंची मोजणाऱ्या व्हॉल्व्हवर सापडला. जोडावर शेव्हिंग क्रीमसारखा फेस आला. दुसरा, जवळच्याच जुन्या नळीला गेलेली बारीक चीर. तिसरा मात्र सगळ्यात लबाड. टाकी आणि कंप्रेसर यांच्यामधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. याचं काम एकच, टाकीतली हवा कंप्रेसरकडे परत जाऊ द्यायची नाही. त्याच्या आतलं रबर कडक झालं होतं. त्यामुळे टाकीतली हवा उलटी फिरून कंप्रेसरच्या डोक्यावर बसायची आणि बिचाऱ्याला दर वेळी पूर्ण दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागायचं. करंट वाढला, फ्यूज उडाला. दोष कोणाचा आणि शिक्षा कोणाला!

जुना की नवा?

जुना कंप्रेसर स्वयंपाकघराच्या टेबलावर पेपर पसरून उघडला. मोटरचे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले. पिस्टनचं सील गेलेलं. आत गंजाचं पाणी, कारण टाकी कित्येक महिन्यांत ड्रेन केलेली नव्हती. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साठते. काकांनी नुसतं दादाकडे बघितलं. 'एसटीत टाकीचं पाणी काढण्याचं काम रोजचं,' एवढंच म्हणाले. दादाने मान खाली घातली. चूक गाडीची नव्हती, मालकाची होती.

आता रिपेअर की रिप्लेस? काकांचं मत रिपेअर, दादाचं रिप्लेस. तोडगा वहिनीने काढला. 'नवा गाडीत बसवा, जुना बाबांना द्या. रस्त्यात नवा रुसला तर हाताशी दुसरा असेल.' मॅनेजर आहे ती, उगाच नाही!

नवा घेतानाही एक धडा मिळाला. कंप्रेसरच्या खोक्यावर 'ड्यूटी सायकल' लिहिलेली असते. ३३ टक्के म्हणजे तासात साधारण २० मिनिटं काम आणि ४० मिनिटं आराम. आराम दिला नाही तर तो तापतो आणि जळतो. दादाने ऑर्डर केलेला नग स्वस्त होता, कमी ड्यूटी सायकलचा. तो परत पाठवला आणि १०० टक्केवाला मागवला. त्याला स्वतंत्र जाड वायर, रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज. ड्रायव्हरच्या बटणाच्या जुन्या बारीक वायरवर एवढा करंट टाकला तर आग लागायची. कंप्रेसरमधून निघणारी हवा गरम असते, म्हणून पहिली फूट-दीड फूट नळी धातूच्या जाळीची. पुढे नवीन नायलॉनची नळी, कटरने अगदी काटकोनात कापलेली, कारण तिरकी कापली की जोड गळलाच म्हणून समजा. प्रेशर स्विच ९० पीएसआयला चालू आणि १२०ला बंद होणारा. नवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आणि टाकीच्या तळाशी हाताला सहज येईल असा ड्रेन कॉक.

हे सगळं नीट बसवायला तीन संध्याकाळी लागल्या. बाप-लेक गाडीखाली शेजारी शेजारी झोपून एकमेकांना पाने देत होते. 'तेरा नंबर दे.' 'बाबा, इथे इंचाचे पाने लागतात.' 'मग अर्ध्या इंचाचा दे, उगाच अक्कल शिकवू नकोस.' काकू मला हळूच म्हणाल्या, 'इतकं तर हे दोघं गेल्या दहा वर्षांत बोलले नसतील गं.'

टेपची परीक्षा

शेवटच्या रात्री स्टँड काढून गाडी हवेवर उभी केली. काकांनी मागच्या दोन्ही चाकांजवळ बॉडीवर कागदी टेप चिकटवली आणि जमिनीपासूनची उंची पेनने तिच्यावर लिहिली. 'आता झोपा. निकाल सकाळी.'

सकाळी सहाला सगळे नाइट ड्रेसमध्ये बाहेर. दादाने मेजरिंग टेप लावली. दोन्हीकडे आकडा तोच. हुश्श!

डेट्रॉइटपासून मॅकिनॉ पूल साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे. १९५७ साली खुला झालेला, आठेक किलोमीटर लांबीचा हा पूल. डावीकडे मिशिगन तळं, उजवीकडे ह्युरॉन. वाऱ्यासाठी बदनाम. दादा सावकाश चालवत होता. काका पुढच्या मोठ्या काचेसमोर बसले होते, पण तळ्याकडे बघत नव्हते. ते ऐकत होते. पूल संपेपर्यंत कंप्रेसर एकदाही वाजला नाही. मग काकांनी सीटला पाठ टेकली आणि म्हणाले, 'चला, आता चहा करा.'

जुना कंप्रेसर ते निघायच्या आदल्या रात्री दुरुस्त झाला. नवे ब्रश, नवं सील, आतून लख्ख. काकांनी त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: 'चालू आहे. टाकीचं पाणी काढणे.' दादाने ती अजून काढलेली नाही.

आणि मी? परत येताना विमानात ड्यूटी सायकलचाच विचार करत होते. आपण दमलो की आपल्याला वाटतं, आपलीच पॉवर कमी पडतेय. गळती कुठे आहे, ते बघतो का आपण कधी?

चौकट: एअर सस्पेन्शनची सेकंडहँड गाडी घेताय?

हल्ली आपल्याकडेही जुन्या लक्झरी गाड्या आवाक्यात आल्यात. पैसे मोजण्याआधी एवढं कराच:

• गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवायला सांगा. सकाळी सुरू करण्याआधी चारही कोपऱ्यांची उंची मोजा. एक कोपरा बसला असेल तर हवा गळतेय.
• सुरू केल्यावर कंप्रेसर किती वेळ वाजतो ते ऐका. थोडा वेळ वाजून थांबला तर ठीक, सारखा वाजत असेल तर सावधान.
• मेकॅनिकने 'कंप्रेसर बदला' म्हटलं, तर 'गळती तपासलीत का?' हा प्रश्न आधी विचारा.
• स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका. नुसत्या जॅकवर विसंबू नका, हवेवर तर मुळीच नाही.