जिलबीचे पीठ आणि तळ्याकाठचा चिखल

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकाने मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांच्या भट्ट्या पेटतात. तेथील जिलबी करणाऱ्याचा हात वाचकांनी क्षणभर निरखून पाहावा. आंबवलेले पीठ छिद्राच्या फडक्यात मुकाट बसलेले असते. मूठ आवळताच ते धारेने वाहू लागते, आणि कढईत पडताच वेटोळ्याचा आकार धरून राहते. शेजारच्या पाकाला ही कला साधत नाही. पाक सावकाश ढवळा वा जोराने ढवळा, त्याचा दाटपणा तोच. पाणी, तेल, पाक ही न्यूटनने सांगितलेल्या सरळ नियमाने वागणारी मंडळी. पिठात मात्र कणांचे व चिकट तंतूंचे जाळे असते. दाबाने ते विस्कटते, स्वस्थ राहिले की पुन्हा जुळते. दही, भिंतीचा रंग, फार काय, आपले रक्तदेखील याच जातीचे.

याच्या अगदी उलट मक्याचे सत्त्व. (बाजारात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ते, भाकरीचे पीठ नव्हे.) ते थोड्या पाण्यात दाट कालवावे. बोट हळूच घातले तर आत बुडते. मूठ मारली तर दगडासारखे कठीण लागते. अकस्मात दाबलेल्या कणांना बाजूला सरावयास अवधीच मिळत नाही, ते एकमेकांत अडकतात. मुलांना हा खेळ अवश्य दाखवावा.

चिखलात रुतलेल्या माणसाला मात्र हा खेळ वाटत नाही. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील डॅनियल बॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली रुतणाऱ्या वाळूचा अभ्यास प्रसिद्ध केला. धडपडीने ती पातळ होते आणि माणूस खाली जातो. मग वाळू तळाशी घट्ट बसते. तेथून सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने पाय ओढावयाचा तर मोटारगाडी उचलण्याइतके बळ लागते! तरीही ती माणसाला गिळत नाही. ती मानवी देहाहून सुमारे दुप्पट जड असल्याने तो कमरेच्या आसपास तरंगून राहतो.

माळव्याची काळी माती म्हणजे ती वाळू नव्हे. पण तळ्याकाठी गुडघाभर रुतलेला पाय हिसक्याने निघत नाही, हे गुराख्यालाही ठाऊक असते. पायाखाली पोकळी होऊन चिखल उलट ओढतो. अशा वेळी मागे रेलून अंगाचा भार पसरावा, पाय थोडाथोडा हलवीत भोवती पाणी शिरू द्यावे आणि सावकाश वर घ्यावा. काठावरच्यांनी हात धरून जोराने ओढू नये. फळी किंवा बांबू आडवा टाकावा. जेथे पाणी चढत असेल तेथे मात्र आधी माणसे हाकारावीत. जीव घेते ते बहुधा वरचे पाणी, खालचा चिखल नव्हे.