पाकळीची परीक्षा ओव्हनमध्ये

मोगऱ्याचा गजरा संध्याकाळपर्यंत कोमेजतो; पॉलिमर क्लेची कर्णफुले मात्र वर्षानुवर्षे टिकू शकतात. नावात 'क्ले' असले तरी ही माती नव्हे. पीव्हीसी या प्लास्टिकची भुकटी, तिला मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर आणि रंग यांचे हे मिश्रण. जर्मनीत १९६६मध्ये ते 'फिमो' या नावाने बाजारात आले.

क्ले मळून मऊ करावी. तिच्या छोट्या गोळ्यांना थेंबाचा आकार देऊन त्या बोटाने चपट्या केल्या की पाकळ्या होतात. मध्यबिंदूभोवती त्या एकमेकींवर किंचित चढवत बसवल्या की फूल साकारते.

खरी परीक्षा पुढेच असते. ही क्ले वाऱ्यावर वाळून कडक होत नाही. उष्णतेनेच तिचे कण एकजीव होतात. पाकिटावर सांगितलेले तापमान, बहुधा ११० ते १३० अंश सेल्सिअस, पुरेसा वेळ मिळाले नाही, तर पाकळी कडक दिसूनही सहज तुटते. फार तापल्यास ती करपते आणि घातक हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. म्हणून ओव्हनमध्ये स्वतंत्र तापमापक ठेवावा आणि खिडकी उघडी असावी. मायक्रोवेव्ह लहरींवर क्ले भाजू नये. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.