एक तोळा माती

सराफाकडे तोळा म्हणजे आता सरळ 10 ग्रॅम. निदान तेवढी माती फोबॉसवरून आणण्यासाठी जपानची अवकाशसंस्था जाक्सा सुमारे 4 टनांचं मानवरहित यान पाठवण्याची तयारी करते आहे. म्हणजे मातीच्या 4 लाख पट वजनाचं यान, आणि जाऊन-येऊन 5 वर्षं!

फोबॉस हा मंगळाचा चंद्र. आसफ हॉल यांनी तो 1877 मध्ये शोधला. बटाट्यासारखा ओबडधोबड, जास्तीत जास्त 27 किलोमीटर लांब. मंगळाच्या पृष्ठभागापासून जेमतेम 6,000 किलोमीटरवरून तो 7 तास 39 मिनिटांत एक फेरी संपवतो. मंगळ स्वतःभोवती फिरतो त्याहून हा वेग जास्त, म्हणून तिथे फोबॉस पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो.

पण मला थक्क करतं ते त्याचं गुरुत्वाकर्षण. पृथ्वीच्या सुमारे सतराशेवा हिस्सा! इथे 60 किलो भरणारा माणूस तिथे ताणकाट्याला लटकला, तर काटा 35 ग्रॅम दाखवेल. एका लहान लिंबाचं वजन. हातातून काही निसटलं, तर एक मीटर खाली पडायला 18-19 सेकंद लागतील. इथे अर्धा मीटर उडी मारणारा तिथे 800 मीटरच्याही वर जाईल आणि 18 मिनिटांनी परतेल. अशा जमिनीत नळी खुपसायची, तर उलट धक्क्याने यानच वर उचललं जायचं. आणि सावरायला पृथ्वीवरून मदत नाही: मंगळ सर्वांत दूर असताना संदेश पोचायलाच 22 मिनिटं लागतात.

रशियाने हे धाडस आधी केलं होतं. फोबॉस-ग्रुंत, यातल्या ‘ग्रुंत’चा अर्थच माती. 13 टनांहून जड, त्यात बहुतेक इंधन. आणायची होती 200 ग्रॅम माती. 9 नोव्हेंबर 2011 ला बैकानूरहून ते उडालं, पण पुढे ढकलणारं इंजिन पेटलंच नाही. पृथ्वीभोवती घिरट्या घालत 15 जानेवारी 2012 ला ते पॅसिफिकमध्ये कोसळलं. कितीजणांची कितीतरी वर्षं त्यात होती!

तरी पुन्हा जायलाच हवं. फोबॉस हा मंगळाने ओढून घेतलेला लघुग्रह, की मंगळावरच्या प्रचंड आघातातून उडालेल्या मलब्याचा गोळा, हे मातीच सांगेल. शिवाय उल्कांच्या माऱ्याने मंगळावरून उडालेली धूळ कोट्यवधी वर्षं फोबॉसवर पडत आली आहे. आजवर कुठल्याही यानाने मंगळाची माती घरी आणलेली नाही. त्या तोळ्यात तिचेही काही कण असू शकतात.