श्रमिक संघसत्तावाद आणि मुंबईच्या गिरणी समित्या

कामगार संघटना कशासाठी असते, या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. मालकाशी वाटाघाटी करून वेतन वाढवून घेण्यासाठी, हे पहिले. दुसरे उत्तर श्रमिक संघसत्तावाद्यांचे होय. त्यांच्या मते कामगार संघ हे केवळ लढ्याचे साधन नसून उद्याच्या समाजाचा पाया आहे. सार्वत्रिक संपाने भांडवलदारांची सत्ता कोसळली की उत्पादनाची सूत्रे हेच संघ हाती घेतील. राजकीय पक्षांवर त्यांचा भरवसा नव्हता. फ्रान्समधील कामगार महासंघाने १९०६ साली आमियँ येथे संमत केलेल्या सनदेत हा विचार स्पष्टपणे मांडलेला आहे.

मुंबईत मात्र संघाच्या आधी संप आला. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले आणि रस्त्यावर गोळ्याही झेलल्या. त्या वेळी त्यांच्यापाशी आधुनिक अर्थाने संघटना म्हणावी असे काहीच नव्हते.

संघसत्तावादाच्या सर्वांत जवळ मुंबई आली ती १९२८ साली. एका कामगाराने अधिक माग व अधिक साचे सांभाळावेत, ही मालकांची योजना संपाचे एक मुख्य कारण ठरली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. त्यांना तगविले ते संघाच्या तिजोरीने नव्हे (ती जवळजवळ रिकामीच होती), तर वाण्याच्या उधारीने आणि कोकण-घाटावरील गावांनी. संप चालू असतानाच स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनचे वर्षअखेर सुमारे ५४,००० सभासद झाले. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले गृहस्थ होते.

या युनियनचे खरे बळ गिरणी समित्यांत होते. तोवर खात्यात जॉबरचे राज्य असे. कामावर घेणे, बदलीवाल्याला काम देणे वा न देणे, त्याबद्दल दस्तुरी उकळणे, हे सारे त्याच्या हाती होते. आता कामगारांचे प्रतिनिधी दंड, बडतर्फी, जॉबरची अरेरावी यांविषयी जाब विचारू लागले आणि प्रसंगी वरिष्ठ पुढाऱ्यांना न विचारताच काम थांबवू लागले. पगारवाढीच्या मागणीपेक्षा मालकांना हेच अधिक खुपले असावे.

तरीही या समित्यांना संघसत्तावादी म्हणता येणार नाही. बार्सिलोनात १९३६ साली कामगारांच्या संघाने ट्रामगाड्या स्वतः चालविल्या. मुंबईच्या समित्यांनी गिरणी चालविण्याची भाषा कधी केली नाही. कापूस, पतपुरवठा व बाजारपेठ या बाबी त्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. शिवाय डांगे, मिरजकर, निंबकर हे पुढारी साम्यवादी होते, आणि क्रांतीचे नेतृत्व संघाने नव्हे, पक्षाने करावयाचे, अशी त्या पंथाची धारणा होती. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी या पुढाऱ्यांना अटक झाली. त्यानंतरचा १९२९ चा संप फसला, आणि त्याबरोबर समित्याही मोडल्या.

पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघाकडे सोपविला. त्यामुळे खात्यातील तंटा खात्यात सुटेनासा होऊन औद्योगिक न्यायालयात जाऊ लागला. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा वेतनवाढीबरोबर हा कायदा रद्द करावा, हीही त्यांची मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही.