मेणबत्ती विझल्यावर काय होतं?

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतला हा हुकमी प्रयोग, आणि मोबाइलवर शोधलात तर त्याचे ढीगभर व्हिडिओ सापडतात. बहुतेकांत पाठोपाठ खुलासाही येतो: हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. ऐकायला चोख. पण चूक.

ही चूक कळायला जाडजूड पुस्तक लागत नाही, कॅमेरा नीट लावला तरी पुरे. ग्लासमागे काळा कागद उभा करा, पाण्यात निळीचे दोन थेंब टाका आणि ग्लासच्या काठावर कॅमेरा रोखा. ज्योतीवर ग्लास उपडा घातला की काठाखालून बुडबुडे बाहेर येताना दिसतात. तापलेली हवा फुगून निसटत असते. एवढ्या वेळात पाणी फारसं हलत नाही. ज्योत विझली की मात्र ते सरसर चढतं, कारण आत उरलेली हवा निवून आकसते, दाब घटतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत रेटते. ज्वलनातून झालेली वाफ निवून पाणी होते, तिचाही यात थोडा हात असतो. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असतं, तर ते मेणबत्ती जळत असतानाच हळूहळू चढायला हवं होतं. शिवाय तो संपतही नाही. हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून सोळाएक टक्क्यांवर आलं की ज्योत तग धरत नाही. ताटलीत एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा: ग्लास तोच, हवा तेवढीच, पाणी मात्र जास्त चढतं.

शाळकरी मुलांसाठी प्रयोगाचा व्हिडिओ करणाऱ्याचं खरं काम या बुडबुड्यांपाशी आहे. वर्गात चाळीस मुलं टेबलाभोवती दाटीने उभी असताना मागच्यांना ते दिसत नाहीत, पडद्यावर ते सगळ्यांना दिसू शकतात. आणि नेमक्या त्याच क्षणी आपले हौशी निर्माते ढणढण संगीत लावून निवेदकाचा चेहरा दाखवतात!

या विषयात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेला वळसा घालून पुढे जाता येत नाही. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता २००३ पासून दहा-अकरा वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत होते. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी या खेळण्यांचे व्हिडिओही केले. आयआयटी कानपूरमधून शिकलेले हे इंजिनिअर टेल्को कंपनीत नोकरीला होते. तिथून रजा घेऊन ते १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. गावच्या बाजारात मिळेल त्यातच विज्ञान शिकवायचं, ही तिथली रीत. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून केलेली त्यांची मॉडेल्स तिथेच सुचली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे व्हिडिओ बहुतेक मिनिट-दोन मिनिटांचे, त्यांत करणाऱ्याचे हात ठळक दिसतात आणि बोलणं मोजकं. त्यामुळे तीच चित्रफीत मराठी, हिंदी अशा कितीतरी भाषांत फिरली.

त्यांची विजेची मोटर घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबरबँड, एक लोहचुंबक आणि वाइंडिंगची तांब्याची तार, संपलं सामान. खुबी सगळी तारेच्या टोकांत आहे. तारेवर वार्निशचा थर असतो. तो एका टोकाला चहूबाजूंनी खरवडायचा, दुसऱ्या टोकाला मात्र एक बाजू शिल्लक ठेवायची. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळ्याला अर्ध्या फेरीत एका दिशेने रेटा बसतो, उरलेल्या अर्ध्यात उलट. मग ते जागच्या जागी डुगडुगत राहतं. वार्निशची बाजू पिनेला टेकली की प्रवाह तुटतो, उलटा रेटा टळतो आणि वेटोळं आधीच्या वेगावर फेरी पुरी करतं. प्रत्यक्षात हे खरवडणं जेमतेम मिनिटाचं, पण व्हिडिओत याच मिनिटाला घाई चालत नाही. क्लोज-अप हवा, तोही करणाऱ्याच्या खांद्यावरून घेतलेला. समोरून शूटिंग केलं तर डावं-उजवं उलटतं आणि बघून करणारं मूल गोंधळतं.

कापाकापीचंही तसंच. सेल जोडल्यापासून मोटर फिरेपर्यंतचा टेक अखंड असायला हवा. मध्ये कट आला की चौकस मुलाला लगेच शंका येते, आणि ती रास्तच असते. वेटोळं फिरताना कॅमेऱ्याला कधी थबकल्यासारखं, कधी उलटं फिरल्यासारखं दिसतं. त्याच्या एका कडेला कागदाचा रंगीत तुकडा चिकटवून ते आधी सावकाश हाताने फिरवून दाखवलं, की घोळ टळतो.

पडद्यावरून विज्ञान शिकवायची हौस आपल्याकडे जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचवली. त्यात सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. तेव्हा संच शाळेत आणि मुलं समोर बसलेली. आज यंत्र मुलाच्या हातात आहे, ते थांबवता येतं, मागे नेता येतं. त्यामुळे थांबण्याच्या जागा आधीच ठरवून ठेवाव्यात. ग्लास उपडा घालण्यापूर्वी ‘पाणी कधी चढेल?’ एवढंच विचारून दहा सेकंद गप्प राहावं.

व्हिडिओ तयार झाला की सहावी-सातवीतल्या मुलापुढे आवाज बंद करून लावावा आणि शेजारी सामान ठेवावं. प्रयोग मेणबत्तीचा असेल तर मोठ्या माणसाने जवळ बसावं. मूल जिथे अडेल तो सेकंद टिपून ठेवायचा आणि तेवढा भाग पुन्हा शूट करायचा. मोटरच्या बाबतीत तो बहुधा वार्निश खरवडण्याचाच असतो.