ब्रासेरो गेले, म्हणून मजुरी वाढली नाही

बाहेरचे मजूर घालवले की त्यांची कामं स्थानिकांना मिळतात आणि मजुरीही वाढते, हा समज जगभर आहे. अमेरिकेने हे प्रत्यक्ष करून पाहिलं आहे.

1942 पासून ‘ब्रासेरो’ करारांखाली मेक्सिकोतले मजूर अमेरिकेतल्या शेतांवर हंगामी कामाला येत. योजना संपेपर्यंत सुमारे 45 लाख कंत्राटं झाली होती. स्थानिक शेतमजुरांची मजुरी वाढावी म्हणून 1964 अखेर ती बंद करण्यात आली. पुढे काय घडलं, ते अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यवार तपासलं. जिथे ब्रासेरो भरपूर होते आणि जिथे नव्हतेच, अशा दोन्हीकडे मजुरी साधारण सारख्याच गतीने वाढली.

मग ती कामं गेली कुठे? कॅलिफोर्नियातला टोमॅटो बघा. डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना यांनी एकदम पिकणारं, धक्के सोसणारं घट्ट सालीचं वाण तयार केलं होतं, तर कोबी लॉरेन्झन यांनी अख्खं झाड कापून, हलवून फळं झाडून घेणारं यंत्र. मजूर होते तोवर ही दोन्ही घ्यायची बागायतदारांना घाई नव्हती. ब्रासेरो गेले आणि काही वर्षांतच प्रक्रियेसाठीचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला.

देशात कामं मोजकीच असतात, हाही गैरसमजच. 1980 मध्ये क्यूबातून सव्वा लाख माणसं बोटींनी अमेरिकेत आली. मायामीतले कामकरी एकदम सात टक्क्यांनी वाढले. तरी तिथल्या अकुशल कामगारांची मजुरी घसरल्याचं अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना आढळलं नाही. नवा माणूस भाडं भरतो, किराणा घेतो, त्यातूनही कामं निघतात. अर्थात, शाळा अर्धवट सुटलेल्यांना मोठा फटका बसला, असं दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांचं म्हणणं आहे आणि तो वाद मिटलेला नाही. तेव्हा ‘कुणाचंच काही बिघडत नाही’ असंही छातीठोकपणे सांगू नये.

मला सगळ्यात घातक वाटतो तो समज वेगळाच आहे : परदेशी माणूस मुळातच स्वस्तात राबतो. ब्रासेरोचं कंत्राट एकाच मालकाशी बांधलेलं असे. काम सोडलं तर परतीची वाट. आखूड दांड्याच्या खुरप्याने दिवसभर कंबरेत वाकून काम करायचं, आणि सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के बचतीच्या नावाने कापले जात. अनेकांना ते कधीच परत मिळाले नाहीत. तक्रार करण्याची सोय नसलेला असा मजूर हाताशी असला की शेजारच्या स्थानिक मजुराचा संपही मोडता येतो, आणि तसे संप मोडले गेलेही.

असा बांधलेला मजूर हाताशी उरला नाही तेव्हा, योजना संपली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, कॅलिफोर्नियात डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप सुरू झाला. सुरुवात केली ती लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी. सेझर चावेझ यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर मागोमाग उतरले. पाच वर्षांनी, 1970 मध्ये, मळेवाल्यांनी वाढीव मजुरीच्या करारांवर सह्या केल्या.