वरून धडधाकट, आतून आजारी

चिखल्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली आम्हाला एक पिल्लू सापडले. मुलांनी त्याचे नाव मोती ठेवले. आठ दिवस ते खेळले, भाकरी खाल्ली. मग ताप आला, डोळ्यांना चिपडे, नाक वाहू लागले. डहाणूचे डॉक्टर म्हणाले, "डिस्टेंपर. तुम्ही आणले तेव्हाच तो अंगात होता." हा विषाणू एक-दोन आठवडे लपून राहतो. त्यावर खास औषध नाही. शेवटी झटके आले आणि मोती गेला. धाकटी दोन दिवस नीट जेवली नाही. आता कुत्रे नको, असे घरात ठरले.

चार महिन्यांनी चिकूच्या वाडीतली एक टाकून दिलेली कुत्री दारात येऊन बसली. या वेळी आधी दवाखाना गाठला. वरून काही दिसत नव्हते, फक्त हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासले तर गोचीडताप! २८ दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. दुधातून दिल्या तर गुण कमी येतो, म्हणून भाताच्या गोळ्यातून दिल्या. ती बरी झाली. घोलवडच्या एका कुटुंबाने तिला नेले, तेव्हा आम्ही रडलो आणि हसलोही.

वाचकहो, मुके जनावर घरी आणाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवा. लसी टोचून घ्या. चावले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

मोती वाचला नाही. पण त्याच्यामुळेच दुसरी वाचली, असे आमची धाकटी म्हणते.